उभ्या गाडीचा ताप

इंजिन बंद केलं की गाडी थंड व्हायला लागते, असं मी फौजेतली सतरा वर्षं आणि नंतर गुडगावातली बरीच वर्षं धरून चाललो होतो. तुम्हीही तसंच समजत असाल. ते चूक आहे. बंद केलेली गाडी आधी आणखी तापते. वीस-पंचवीस मिनिटं तापत राहते आणि मग कुठे निवायला लागते. एवढी एक गोष्ट कळायला मला जवळजवळ एक उन्हाळा लागला, आणि तेवढ्या वेळात एका आठ वर्षांच्या मुलीचा हात मोडला.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकाच्या संपादक बाई म्हणाल्या, "निकम, तुमच्या वर्कशॉपातल्या गमतीजमती लिहा, लोकांना आवडतील." गमती आहेत की. एक गृहस्थ नव्या गाडीच्या इंजिनावर हळद-कुंकू, तांदूळ आणि पाव किलो तूप वाहून आले होते, आणि 'जळका वास येतो' अशी त्यांची तक्रार होती. एक कर्नल साहेब गाडीला 'अटेन्शन' म्हणाल्याशिवाय चावी फिरवत नसत. पण लिहायला बसलो की ही एकच गाडी डोळ्यांपुढे येते. पांढरी, छोटी, मागच्या काचेला मुलीनं चिकटवलेलं फुलपाखरू. तिच्याबद्दल मला जे कळलं ते लिहितो, आणि जे कळलं नाही तेही लिहितो.

मी मूळचा खटाव तालुक्यातला. फौजेत गाड्यांचा मेकॅनिक म्हणून भरती झालो. शेवटची पोस्टिंग दिल्ली कॅन्टची. डिस्चार्ज मिळाला तेव्हा मुलं शाळेत रुळली होती, मग इथेच राहिलो. पालमला दोन खोल्या घेतल्या आणि गुडगावात सेठी साहेबांच्या वर्कशॉपात लागलो. सेठी साहेबांचं आधी ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान होतं. मोटारी वाढल्या तसं त्यांनी एका कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर घेतलं, काउंटरवर काच लावली, आणि मला निळा कोट दिला. माझं काम असं, की ग्राहकाचं ऐकायचं, जॉब कार्ड लिहायचं, गाडी चालवून बघायची आणि कारागिरांना काम वाटून द्यायचं.

तेव्हाचं गुडगाव आता सांगून पटणार नाही. एक मोहरीचं शेत, मग बारा मजली काचेची इमारत, मग पुन्हा शेत. काचेच्या इमारतीला पत्ता नसायचा. ग्राहक सांगायचे, "जिथे म्हशी बसतात ना, तिथून डावीकडे." पुढच्या महिन्यात म्हशींच्या जागी आणखी एक इमारत उभी, की आम्ही गाडी पोचवायला निघालेले परत रस्ता चुकलो. मला त्या वर्षांत कायम कुठेतरी चुकीच्या वळणावर असल्यासारखं वाटायचं.

धंद्याचं थोडं सांगतो. पूर्वी गाडीला कार्ब्युरेटर असे. त्यात पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनात जात. दिल्लीच्या उन्हाळ्यात पेट्रोल इंजिनाला लागून असलेल्या छोट्या पंपातच उकळायचं, वाफ धरायची, आणि गाडी भर रस्त्यात बंद. मग टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं बांधायचे. मीही शेकडो बांधलीत. इंजिनाच्या चार सिलिंडरपैकी एखाद्यात पेट्रोल नीट पेटलं नाही की गाडी हिसके देते, त्याला आम्ही 'मिसिंग' म्हणतो. एकदा मी घरी फोनवर कुणाला तरी "गाडी मिसिंग आहे" म्हणालो, तर आमची मंगल हातातलं काम टाकून आली आणि म्हणाली, "अहो, पोलिसांत कळवलं का?"

मग दिल्लीत धुराचे नियम कडक झाले आणि बघता बघता कार्ब्युरेटर गेला. त्याच्या जागी इंजेक्टर आले. इंजेक्टर म्हणजे बोटाएवढी नळी, टोकाला बारीक भोकं. टाकीतला पंप जोरानं पेट्रोल ढकलतो आणि कंप्युटर सांगेल तेवढाच क्षण ती नळी उघडून फवारा मारते. कंपनीनं आम्हाला तीन दिवसांचं ट्रेनिंग दिलं. शिकवणारा चुणचुणीत इंजिनियर होता. तो म्हणाला, "अब गीला कपड़ा भूल जाइए. प्रेशर इतना है कि पेट्रोल उबल ही नहीं सकता." मी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

कर्णिक बाई पहिल्यांदा आल्या त्या मार्चअखेरीस. पस्तिशीच्या आतबाहेर, नागपूरच्या. यजमान मानेसरला पार्टच्या कारखान्यात मॅनेजर. ते कंपनीच्या बसनं जात, त्यामुळे गाडी जास्त करून बाईंकडेच असे. माझ्या कोटावरचं नाव वाचून त्यांचा चेहरा खुलला.

"निकम? म्हणजे मराठी! बरं झालं बाई. नाहीतर मला हिंदीत हे सांगताच आलं नसतं. गाडी दुपारी थरथरते हो."

"म्हणजे कधी, मॅडम?"

"शाळेतून मुलीला घेतलं की. निघताना सुरू होते, आणि मग अशी... एखाद्याला थंडी वाजून हुडहुडी भरावी तशी करते. ॲक्सिलरेटर दाबला तरी पळत नाही. आणि दोन मिनिटांनी काही झालंच नाही अशी चालायला लागते."

मी गाडी ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी चालवली, मस्त. दुपारी चालवली, परत आणून बंद केली, लगेच सुरू केली, तरी मस्त. जेवून दोन तासांनी पुन्हा बघितली, काही नाही. प्लग बदलले आणि गाडी दिली. आठवड्यानं बाई परत आल्या. "निकमभाऊ, काल पण झालं." मी पुन्हा गाडी ठेवली, इंजेक्टर साफ करून घेतले. या वेळी कंपनीच्या इंजिनियरलाही बोलावलं. त्यानं गाडीला वायर जोडली, स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाला, "मेमरी में कोई फॉल्ट नहीं है. फॉल्ट नहीं है तो फॉल्ट नहीं है." मी गाडी पुन्हा परत दिली.

तिसऱ्या खेपेला कर्णिक साहेबही बरोबर आले. शनिवार होता. हसतमुख माणूस, वाईट मुळीच नव्हे. काउंटरवर कोपर टेकून ते म्हणाले, "निकम, मी चालवतो तेव्हा कधीच होत नाही. सकाळी नाही, रात्री नाही. तुम्ही अनुभवी आहात, खरं सांगा यार. ही क्लच नीट सोडत नाही, हो ना?"

बाई माझ्याकडे बघत होत्या. माझ्या मागे सेठी साहेब उभे होते. तीन वेळा आलेली गाडी त्यांना आवडत नसे, कंपनीकडे तक्रार जायची. आणि मला खरोखरच काही सापडलं नव्हतं. मी म्हणालो, "थोडाफार अंदाज चुकत असेल, सर. नवीन गाडी आहे."

"बघ," कर्णिक साहेब बाईंना म्हणाले.

मी कार्डावर लिहिलं, 'गाडीत दोष आढळला नाही. चालवण्याच्या सवयीबद्दल ग्राहकाला समजावले.' खाली सही केली. प्रत्यक्षात मी काहीच समजावलं नव्हतं. ते वाक्य आम्ही नेहमी लिहायचो.

त्याच सुमारास माझ्याकडे रामफल चौधरी यायचे. जवळच्याच गावातले. जमीन बिल्डरला गेली, म्हशी विकल्या, आणि कर्णिकांकडे होती तशीच छोटी गाडी त्यांनी घेतली. साठीचे, पांढरं धोतर, डोक्याला पागोटं. त्यांची एक सवय आमच्याकडे सगळ्यांच्या हसण्याचा विषय होती. गाडी कुठेही उभी केली की ते आधी खाली उतरून बॉनेट उघडायचे आणि मगच आपल्या कामाला जायचे. बँकेपुढे, हलवायापुढे, लग्नाच्या मांडवापुढे, चौधरींची गाडी तोंड उघडून उभी. एक दिवस मी विचारलं, "चौधरी साहब, ये बोनट क्यों खोलते हो?"

ते म्हणाले, "अरे, धूप में तै आई सै, सांस तो लेण दे इसने! बंद छोड़ द्यूँ तो पाछै काँपै सै."

बंद सोडली तर नंतर थरथरते. इतक्या स्पष्ट शब्दांत त्यांनी सांगितलं होतं. मी हसलो आणि त्यांची गाडी तेल बदलायला पाठवली.

एप्रिलच्या मध्यावर एका दुपारी क्रेननं कर्णिकांची गाडी ओढून आणली. मागचा डावा कोपरा आत गेलेला, फुलपाखराची काच फुटलेली. शाळेतून निघून हायवे ओलांडताना गाडी मधोमध बंद पडली होती. तेव्हा तिथे उड्डाणपूल नव्हते. ट्रक, बस, ट्रॅक्टर सगळे एकाच पातळीवर, आणि जो आधी घुसेल तो पुढे. एका ट्रकवाल्यानं ब्रेक मारले म्हणून बरं, तरी त्याचा बंपर लागलाच. बाईंना खरचटलं. मागे बसलेल्या मुलीचा, सईचा, डावा हात कोपरात मोडला.

सेठी साहेबांनी फाइल मागवली, माझं कार्ड वाचलं आणि समाधानानं म्हणाले, "ठीक है, हमारा लिखा हुआ है." मला तेव्हा पहिल्यांदा त्या कार्डाची लाज वाटली. पण लाजेबरोबर असंही वाटत होतं, की लिहिलेलं खरंच असेल तर? बाई घाबरून चुकल्याच असतील तर? तीन वेळा गाडी माझ्या हातात होती. तिनं एकदाही हिसका दिला नव्हता.

तीन दिवसांनी बाई गाडीतलं सामान न्यायला आल्या. दप्तर, पाण्याची बाटली, एक बूट. मी पिशवी धरली. बाटली आत टाकत त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "मला गाडी चालवता येत नाही, असं तुम्ही लिहिलं होतंत. हे मला तेव्हा पटलं नव्हतं. आता मीही तेच म्हणते. आमचे हे गाडी विकणार आहेत, आणि सईला स्कूल बस लावलीय."

"मॅडम, सईचा हात कसा आहे?"

"प्लास्टर आहे. डॉक्टर म्हणतात, बघू."

त्या रिक्षाकडे वळल्या. मी मागोमाग गेलो. काय बोलायचं ते माझं ठरलं नव्हतं, तोंडातून निघालं ते असं, "ताई, एक सांगाल? त्या वेळी रोज तुम्ही काय काय करायचात? पहिल्यापासून. मी आधी विचारलंच नव्हतं."

त्यांनी पिशवी रिक्षात ठेवली. मग रिक्षावाल्याला थांबायला सांगून तिथेच उन्हात उभ्या राहून सांगितलं. सव्वाला घरून निघायचं, अर्धा तास रस्ता, एसी लावून. शाळेबाहेर सावली नाही, भिंतीला लागून गाडी उभी करायची. इंजिन बंद. वीस-पंचवीस मिनिटं दारात वाट बघायची. मुलं सुटली की गाडीत बसून एसी सुरू, आणि पाव किलोमीटरवर हायवे.

मी तोवर गाडी एकतर लगेच सुरू करून बघितली होती, नाहीतर दोन तासांनी, आणि तीही पत्र्याच्या शेडखाली, सावलीत. मधली पंचवीस मिनिटं मी कधी बघितलीच नव्हती.

पत्र्याचं काम झालं तसा मी सेठी साहेबांना 'टेस्ट ड्राइव्ह' एवढंच सांगून सव्वा वाजता बाहेर पडलो. बाईंच्या घरावरून शाळेकडे गेलो, भिंतीला लागून गाडी उभी केली, घड्याळ बघत बसलो. शाळेचा चौकीदार संशयानं दोनदा येऊन गेला. पंचवीस मिनिटांनी चावी फिरवली. गाडी सुरू झाली. वीसेक पावलं गेली आणि मग स्टिअरिंग माझ्या हातात थडथडायला लागलं. हुडहुडी भरल्यासारखं, बाई म्हणाल्या होत्या तस्संच. मी ॲक्सिलरेटर दाबला, तर गाडीनं पुढे जायच्या ऐवजी मान टाकली. समोर हायवे, ट्रकांची रांग. मी कशीबशी गाडी कडेला घेतली, उतरून बॉनेट उघडलं, बोट भाजून घेतलं, आणि तेवढ्यात इंजिन सुतासारखं सरळ चालायला लागलं.

मला आनंद व्हायला हवा होता. दोष सापडला होता! पण मी त्या भिंतीशी उभा राहून नुसता चक्रावलो होतो. ही वाफेची लक्षणं होती, जी मी आयुष्यभर पाहिली होती, आणि जी या गाडीत होऊच शकत नाही असं मी दोन रेघा मारून लिहून घेतलं होतं. खोटं कोण? वही की बोट?

दुसऱ्या दिवशी टॉवेल आणि पाण्याची कॅन घेऊन गेलो. सगळं तसंच केलं, फक्त चावी फिरवायच्या आधी इंजेक्टरांवर ओला टॉवेल ठेवून थोडा वेळ जाऊ दिला. गाडी सुरू केली, अजिबात थरथर नाही. तिसऱ्या दिवशी टॉवेलाशिवाय, की पुन्हा थरथर. चौथ्या दिवशी टॉवेल, की काही नाही. आता चौकीदारच मला विचारायला लागला, "आज भिगोना है कि नहीं?"

चौकीदाराच्या प्रश्नावर हसता हसता मला चौधरींचं बॉनेट आठवलं. सांस तो लेण दे.

त्याचं असं आहे. गाडी चालते तेव्हा पंखा फिरतो, पाणी फिरतं, वारा लागतो, आणि इंजेक्टरातून सतत नवं, थंड पेट्रोल वाहतं. इंजिन बंद केलं की हे सगळं एकदम थांबतं. पण लोखंड लालबुंद तव्यासारखं तापलेलं असतं आणि बॉनेट झाकणासारखं बंद. ती उष्णता वर चढते, इंजेक्टरात शिरते, आणि आत अडकलेलं पेट्रोल उकळतं. मग तुम्ही गाडी सुरू केलीत, की कंप्युटरच्या हुकमाप्रमाणे नळी उघडते, पण फवारा पेट्रोलचा नाही, वाफेचा. अर्धपोटी सिलिंडर अडखळतात. दोन-तीन मिनिटांत टाकीतलं थंड पेट्रोल येऊन पोचतं आणि सगळं सुरळीत होतं. कुणालाही दाखवायला जावं तर पुरावा उडून गेलेला.

मग सगळ्याच गाड्यांना का होत नाही? इथे मी आणखी चार दिवस अडकलो. शेवटी पेट्रोलच्या नळीला प्रेशरचं मीटर लावून इंजिन बंद केलं आणि स्टूल घेऊन बसलो. चांगल्या गाडीत काटा तासभर जागचा हलला नाही. कर्णिकांच्या गाडीत पाच मिनिटांत शून्यावर. टाकीतल्या पंपाला एक बारीक झडप असते. गाडी बंद झाली तरी ती नळीतलं प्रेशर धरून ठेवते, आणि दाबाखालचं पेट्रोल सहज उकळत नाही. त्या झडपेतून गळत होतं. ट्रेनिंगवाला खोटं बोलला नव्हता. त्यानं फक्त झडप खराब झाली तर काय, हे सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

नवीन पंप बसवला. पाच दिवस शाळेच्या भिंतीशी जाऊन बघितलं. एकदाही हिसका नाही. चौधरींची गाडी बोलावून मीटर लावलं, तर तिथेही काटा शून्यावर. त्यांचाही पंप बदलला आणि मी त्यांना समजावून सांगितलं, की आता बॉनेट उघडायची गरज नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि बाहेर जाऊन हलवायापुढे गाडी लावून बॉनेट उघडलं.

सेठी साहेबांना मी सांगितलं, की कार्ड दुरुस्त करायचंय. त्यांनी चष्मा काढला. "निकम जी, लिख दोगे कि गाड़ी में फॉल्ट था, तो एक्सीडेंट किसके सर आएगा?"

"मेरे," मी म्हणालो. "सही मेरी है."

असं ठणकावून बोललो खरा, पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मुलगी बारावीला होती, मुलगा दहावीला. मंगलला सगळं सांगितलं. तिनं माझं ताट झाकून ठेवलं. मग म्हणाली, "ती बाई मराठीत बोलली म्हणून तुम्हाला एवढं लागलंय का? ती पंजाबी असती तर?" मी विचार केला. उत्तर मला आवडलं नाही, म्हणून मी ते तिला दिलं नाही. आजही देत नाही.

दुसऱ्या दिवशी जुन्या नोंदीखाली नवी नोंद लिहिली. 'तापलेली गाडी उभी राहिल्यानंतर इंजेक्टरात वाफ. तक्रार खरी होती. आधीच्या तपासणीत चूक.' सही. सेठी साहेबांनी मला काढलं नाही, पण महिनाभर काउंटरवरून उचलून मागे पत्र्याच्या कामावर बसवलं.

दुरुस्त गाडी आणि नोंदीची प्रत घेऊन कर्णिकांच्या घरी गेलो. नव्या टॉवरमध्ये सातवा मजला. दार सईनं उघडलं, डावा हात गळ्यात. हातावरून मी तिला ओळखलं, तिला मी कोण ते ठाऊक नव्हतं. कर्णिक साहेबांनी कागद वाचला, पुन्हा वाचला. "अच्छा," ते म्हणाले. "म्हणजे..." मग बाईंकडे न बघता म्हणाले, "अगं, चहा देतेस ना?"

बाईंनी उभ्या उभ्या सगळं वाचलं. मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल किंवा त्या माझ्यावर चिडतील. दोन्ही झालं नाही. त्या म्हणाल्या, "निकमभाऊ, त्या दिवशी गाडी थरथरली तेव्हा मला माहीत होतं, दोन मिनिटांत ठीक होते म्हणून. मी दोन मिनिटं थांबायला हवं होतं ना? पण मागे सगळे हॉर्न मारत होते, आणि मला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. म्हणून मी तशीच पुढे गेले."

कर्णिक साहेब खिडकीबाहेर बघत होते. मी चहा घेतला नाही. खाली उतरताना लिफ्टमध्ये मला एवढंच कळत होतं, की झडप सापडली म्हणून गोष्ट संपलेली नाही. त्या क्षणी गाडी वाफेनं बंद पडली, की बाईंचा पाय घाबरून क्लचवरून सुटला, हे मला तेव्हा सांगता आलं नाही आणि आजही सांगता येत नाही. पण त्या घाबरल्या असतील तर कशानं, ते मला माहीत आहे.

शाळेला सुट्ट्या लागायला आठवडा उरला असताना वर्कशॉपात फोन आला. "निकमभाऊ, उद्या सव्वाला मोकळे आहात? गाडी हे अजून विकत नाहीयेत. म्हणाले, तू ठरव."

मी गेलो. बाई स्टिअरिंगवर, मी शेजारी. सई शाळेत होती आणि तिची बस तिला घरी आणणार होती. बाईंनी रस्ताभर एसी चालू ठेवला. शाळेच्या भिंतीशी गाडी लावली, इंजिन बंद केलं. पंचवीस मिनिटं आम्ही उन्हात उभे होतो. चौकीदारानं मला बघून कॅन शोधायला इकडेतिकडे नजर टाकली. मग बाईंनी गाडी सुरू केली. आवाज स्वच्छ. पाव किलोमीटर मी इंजिनाकडे कान लावून बसलो होतो. एकही हिसका नाही.

हायवे आला. बाई थांबल्या, दोन्हीकडे बघितलं, पुढे घेतली, आणि मधोमध गाडी खाडकन बंद पडली.

दोन्ही बाजूंनी हॉर्न सुरू झाले. पंप? झडप? दुसरं काही? माझा हात आपोआप चावीकडे गेला.

"हात काढा," बाई म्हणाल्या.

मी काढला.

"क्लच सुटला माझा," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर हसू होतं. "खरंच सुटला. बघितलंत ना? ही चूक माझी आहे."

त्यांनी गिअर काढला, चावी फिरवली. इंजिन लागलं. मागचा बसवाला खिडकीतून ओरडत होता. बाईंनी आरशात त्याला नीट बघून घेतलं, सावकाश क्लच सोडला आणि गाडी पलीकडे नेली. पन्नासेक पावलांवर कडेला थांबवली.

"आता उतरा तुम्ही."

"इथे?"

"इथे. पुढे मला एकटीला जायचंय. राग नका मानू."

मी उतरलो. त्यांनी इंडिकेटर दिला, मागे बघितलं आणि ट्रकांच्या रांगेत शिरल्या. पांढरी गाडी काचेच्या इमारतीपर्यंत दिसत होती, मग दिसेनाशी झाली. सईचा हात पुढे बरा झाला, पण पूर्ण सरळ होत नाही, असं मंडळाच्या गणपतीत मंगलला कळलं. बाई मात्र गाडी चालवत राहिल्या. सर्व्हिसिंगला त्या दुसरीकडे जायला लागल्या, आणि ते बरोबरच होतं.

त्या दुपारी मी हायवेच्या कडेला कोट हातावर टाकून उभा होतो. वर्कशॉप उलट्या दिशेला सहा-सात किलोमीटर, आणि जाणारी प्रत्येक शेअर ऑटो मानेसरकडेच चालली होती. बरं वाटावं की वाईट, ते ठरत नव्हतं. शेवटी मी चालायला लागलो.